तुम्ही विचारलंत म्हणून: रोपर नवरा-बायकोचं बिऱ्हाड

जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, ‘फ्रेंड्स’मधला जोई एवढा लाडका, मग त्याची स्वतंत्र मालिका का पडली? २००४च्या मे महिन्यात ‘फ्रेंड्स’ संपली, सप्टेंबरात ‘जोई’ आली आणि २००६मध्ये दुसऱ्याच सीझनला गुंडाळली गेली. लेखन कमकुवत होतं, असं बरेच जण म्हणतात. असेलही. मला मात्र हा प्रश्न ऐकला की आधी रोपर नवरा-बायको आठवतात, कारण गाजलेल्या मालिकेतून काढलेली त्यांची स्वतंत्र मालिकाही अशीच पडली.

‘थ्रीज कंपनी’ १९७७मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली. सांता मोनिकातल्या इमारतीत वर दोन मुली आणि एक मुलगा भाड्याने राहतात, खाली घरमालक स्टॅन्ली रोपर आणि त्याची बायको हेलन. मालकाची हरकत नको म्हणून तो मुलगा, जॅक, समलिंगी असल्याचं भासवतो. हेलनला खरं ठाऊक असतं, पण ती मुलांना सांभाळून घेते. स्टॅन्ली चिक्कू, बायकोच्या जवळ जायलाही कंटाळणारा. हेलन भडक पायघोळ झग्यात यायची, नवऱ्याला एका वाक्यात गार करायची आणि एक्झिट घ्यायची. ऑड्रा लिंडली यांचं हे काम मला अतिशय प्रिय आहे. आजही अमेरिकेत लोक तसे झगे आणि लालसर कुरळे विग घालून, मिसेस रोपर बनून घोळक्याने मिरवतात.

१९७९च्या मार्चमध्ये या दोघांची ‘द रोपर्स’ आली. इमारत विकून ती श्रीमंत वस्तीत राहायला जातात आणि शेजारी राहणाऱ्या घरांच्या दलालाला ती अजिबात खपत नाहीत. सुरुवात झकास झाली. पुढच्या सीझनला वेळ बदलून शनिवारी टाकली, प्रेक्षक गळाले, आणि २८ भागांनंतर १९८०मध्ये ती बंद झाली. वेळ बदलल्याचा फटका बसलाच, पण मला त्याहून मोठं कारण वरच्या मजल्यात दिसतं. हेलन वर गेली की खुलायची. तिची माया, तिचा खट्याळपणा त्या तिघांमुळे दिसायचा. नव्या घरात ती मुलं नाहीत. नवरा जवळ घेत नाही हा टोमणा दोन मिनिटं हसवतो. अर्धा तास तोच ऐकला की तिचा संसार दिसायला लागतो, आणि मग हसू येत नाही.

गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये हीच जोडी चालली होती. ‘थ्रीज कंपनी’ मुळात ‘मॅन अबाउट द हाउस’वरून घेतलेली. त्यातल्या घरमालकांची ‘जॉर्ज अँड मिल्ड्रेड’ १९७६ ते १९७९ अशी पाच पर्वं झाली. तिथेही उच्चभ्रू शेजारी होताच, पण जॉर्जला आपल्या कामगारपणाचा ताठा होता आणि कुंपणावरचं भांडण खरोखरच्या वर्गभेदाचं होतं. नवरा-बायकोच्या कुरबुरीपलीकडे लिहायला काहीतरी होतं. अमेरिकेत शेजारी आणला, पण ती धार आली नाही.

‘फ्रेझर’ अकरा सीझन टिकली तीही अशाच कारणाने. ‘चिअर्स’ या आधीच्या मालिकेत फ्रेझरच्या शिष्टपणाला बारमधली साधी माणसं जमिनीवर आणायची. नव्या मालिकेत ते काम त्याच्या निवृत्त पोलीस वडिलांना दिलं, आणि त्यांची चिकटपट्टी लावलेली जुनी खुर्ची थेट त्याच्या उंची दिवाणखान्यात ठेवली! त्याच ‘चिअर्स’मधून १९८७मध्ये निघालेली ‘द टॉर्टेलीज’ १३ भागांत आटोपली. निक टॉर्टेलीची लबाडी रंगायची ती पूर्वीची बायको कार्ला समोर असताना. जोईचंही तसंच. त्याचा भोळेपणा पाच मित्र दहा वर्षं झेलत होते. लॉस एंजेलिसमध्ये बहीण दिली, हुशार भाचा दिला, पण ते मुरलेलं नातं कुठून आणणार?

मला याहून जास्त लागतं ते नॉर्मन फेल यांचं. स्टॅन्ली साकारणाऱ्या फेल यांना चालती मालिका सोडायची नव्हती. वर्षाच्या आत नवी मालिका बंद पडली तर परत घ्यायचं, असं वचन मिळाल्यावरच ते गेले. ती वर्षापेक्षा जराशी जास्त टिकली. बंद करायचं आधीच ठरलं होतं, फक्त मुदत उलटू दिली, असं ते पुढे सांगत. तोवर डॉन नॉट्स इमारतीचे नवे व्यवस्थापक फर्ली म्हणून रुळले होते आणि १९८४मध्ये ‘थ्रीज कंपनी’ संपेपर्यंत तेच राहिले. फेल आणि लिंडली १९८१मध्ये तिथे पुन्हा दिसले, एका भागापुरते पाहुणे म्हणून.