सर्व्हर ठणठणीत, यादी कोरी

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. वाशीच्या भाजी मार्केटमधल्या ज्या आडत्यांच्या आवकीचं काम आम्ही बघतो, त्यांचे दिवाणजी बोलत होते. "मॅडम, गाड्या गाळ्यासमोर उभ्या आहेत आणि तुमच्या यादीत एकही नाही!"

घणसोलीहून महापेचं ऑफिस जवळच. पोहोचले तेव्हा रात्रपाळीची नवीन मुलगी रडवेली झाली होती. "ताई, सर्व्हर ठणठणीत आहे. सगळीकडे २००च येतंय."

"कोड सोड, उत्तर उघड."

ग्राफक्यूएल ही सर्व्हरकडे माहिती मागायची भाषा. तिच्यात आत काही चुकलं तरी बहुतेक वेळा २००च, म्हणजे 'सगळं ठीक'चा कोड, येतो. खरी तक्रार उत्तरातच, 'एरर्स'खाली असते. तिथे चुकीचा पत्ताही होता: आवक, ७, ड्रायव्हर. मोजणी शून्यापासून, म्हणजे आठवी गाडी. नाशिकचा टेम्पो. ड्रायव्हर वाटेत बदलला होता आणि नव्याची नोंदच झाली नव्हती.

स्कीमात, म्हणजे कुठली माहिती कशी मिळेल हे ठरवणाऱ्या आराखड्यात, ड्रायव्हरच्या टाइपपुढे उद्गारचिन्ह होतं, म्हणजे हे कधीच रिकामं येणार नाही असा शब्द दिलेला. तो मोडला की नल, म्हणजे रिकामी किंमत, वर सरकतो. गाडीलाही उद्गारचिन्ह, म्हणून तो थेट यादीवर गेला. एका टेम्पोपायी सगळ्या गाड्या गायब!

"या स्क्रीनवर ड्रायव्हरचं नाव दिसतं का गं?"

"नाही. क्वेरी गेटपासच्या स्क्रीनवरून उचलली होती."

मग तिला क्वेरी, म्हणजे सर्व्हरकडे करायची मागणी, पहिल्यापासून हाताने लिहायला बसवलं. आवक, पुढे साध्या कंसात गाळा नंबर, तोही व्हेरिएबल म्हणून, म्हणजे वेगळा पाठवून, क्वेरीत चिकटवून नाही. मग महिरपी कंसात गाडी नंबर, माल, गोणी. बस. ड्रायव्हर हवा असेल तर त्याच्यापुढे पुन्हा महिरपी कंस उघडून नाव, फोन असं एकेक मागावं लागतं. इथे नकोच होता. जे मागितलं नाही ते सर्व्हर शोधायलाही जात नाही. फेसबुकने २०१२ मध्ये आपल्या मोबाइल ॲपसाठी ही भाषा घडवली ती याचसाठी, स्क्रीनला लागेल तेवढंच मागता यावं म्हणून. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी सांगते. हिला सांगायचं राहून गेलं, याची मला फार चुटपुट लागली.

पाच चाळीसला यादी आली. टेम्पोसकट.

उद्गारचिन्ह मात्र लगेच काढलं नाही. गेटपासवर ड्रायव्हर नसेल तर काय दाखवायचं, ते आधी दिवाणजींना विचारलं.

"नाव नसेल तर गाडी आत सोडणार नाही," ते म्हणाले, "पण गाडी आलीय एवढं तरी दिसू द्या."