तुम्ही विचारलंत म्हणून: माइटोकॉन्ड्रियाची गोळी आली का?

"डायबेटिस आहे, पण अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, शुगरपण बऱ्यापैकी ताब्यात, मग हार्ट का दमलंय? आणि माइटोकॉन्ड्रियावर एवढं रिसर्च चाललंय तर त्याची गोळी कधी येणार?" मी फार्माकॉलॉजी शिकवतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे दोन प्रश्न जोडीने येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. (माइटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत एनर्जी बनवणारे छोटे कारखाने.)

पहिला प्रश्न जुना आहे. 1972 मध्ये रूब्लर आणि सहकाऱ्यांनी चार डायबेटिक पेशंटच्या शवविच्छेदनांचा पेपर लिहिला, चौघांचं हार्ट फेल झालेलं पण रक्तवाहिन्यांत त्याचं कारण सापडेना. 1974 ला अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवर चाललेल्या अभ्यासाचे आकडे आले, डायबेटिस असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअरचा धोका दुपटीहून जास्त आणि बायकांत पाचपट, म्हणजे प्रकार ब्लॉकेजच्या पलीकडचा होता.

हार्टच्या स्नायूपेशीत जवळपास एक तृतीयांश जागा माइटोकॉन्ड्रियाच अडवतात. एरवीही हार्ट जास्त करून फॅटी अ‍ॅसिडवरच चालतं, पण गरज पडली की ग्लुकोजकडे वळतं, डायबेटिसमध्ये ते वळणंच अडतं आणि ते फॅटला चिकटून बसतं, ज्यात तेवढ्याच एनर्जीला ऑक्सिजन जास्त लागतो, न जळलेलं फॅट पेशीत साठतं आणि माइटोकॉन्ड्रियातून रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन (म्हणजे पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू) गळायला लागतो. आणि हार्टला आकुंचन पावायलाच नाही, सैल पडायलाही एनर्जी लागते (कॅल्शियम पेशीतल्या साठ्यात परत ओढायचं असतं ना), त्यामुळे बिघाड आधी तिथे दिसतो. एको रिपोर्टवर 'डायस्टोलिक डिस्फंक्शन' लिहितात ते हेच, अर्थात वय आणि बीपीनेही ते होतं.

तो गळणारा ऑक्सिजन पुसून काढा म्हणजे झालं, असं आधी वाटायचं. पण 2000 सालच्या होप ट्रायलमध्ये व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं देऊन हार्टला काडीचा फायदा झाला नाही. धूर पुसत बसायचं आणि चूल तशीच, असला प्रकार. मग लक्ष चुलीकडे गेलं: खराब माइटोकॉन्ड्रिया पेशी स्वतः मोडीत काढते ती मायटोफॅजी, त्यातली पिंक-वन आणि पार्किन प्रोटीन्स, माइटोकॉन्ड्रियाचं तुटणं-जुळणं, आणि हल्ली फेरोप्टोसिस, म्हणजे लोहामुळे होणारा पेशींचा मृत्यू. पेपर ढिगाने निघतात. पण बरेचसे उंदरांवरचे. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेला तरुण उंदीर, ठोके मिनिटाला पाचशेच्या वर, ना बीपीची गोळी ना डायबेटिसची मेटफॉर्मिन, आणि त्यावरून साठीतल्या काकूंच्या हार्टबद्दल बोलायचं! मला तरी ते फार पटत नाही.

गंमत म्हणजे खरं औषध भलत्याच दारातून आलं. 2008 मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकन एफडीएने सांगितलं की डायबेटिसचं नवीन औषध हार्टला धोका करत नाही हे दाखवा. त्या नियमापायी एम्पाग्लिफ्लोझिनची मोठी ट्रायल झाली, किडनीतून साखर बाहेर टाकणारं औषध हे, आणि 2015 ला निकाल आला तर हृदयविकाराने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं 35 टक्क्यांनी कमी. 2019 ला त्याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनने डायबेटिस नसलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही फायदा दाखवला. आता माइटोकॉन्ड्रियावाले उलटे मागे लागलेत की हे होतं कसं, कोणी म्हणतं हार्टला कीटोनचं (फॅट मोडून लिव्हर बनवतं त्याचं) इंधन मिळतं, कोणी म्हणतं पेशीतलं सोडियम उतरतं आणि माइटोकॉन्ड्रियाचं कॅल्शियम सावरतं. भांडण चालू आहे.

तेव्हा फक्त माइटोकॉन्ड्रियासाठी म्हणून डायबेटिक हार्टची गोळी अजून नाही. कोक्यूटेनचं (माइटोकॉन्ड्रियाला एनर्जी बनवायला लागणारा पदार्थ, सप्लिमेंट म्हणून विकतात) विचाराल तर 2014 च्या 420 पेशंटच्या ट्रायलमध्ये हार्ट फेल्युअरवाल्यांना फायदा दिसला, पण ती छोटी, आणि खास डायबेटिकांची नव्हे, त्यामुळे आहे ती औषधं सोडून त्यावर पैसे घालू नका. एम्पाग्लिफ्लोझिन आपल्याकडे 2025 मध्ये पेटंट संपल्यावर बरंच स्वस्त झालंय, ते आपल्याला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. आणि ते घेत असाल तर नवरात्राचे कडक उपास धरायच्या आधीही विचारा, कारण उपाशीपोटी त्यावर कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन साठून ते धोकादायक आम्लधर्मी होणं) होऊ शकतो आणि तेव्हा शुगर नॉर्मलच्या आसपास दिसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात.