तुम्ही विचारलंत म्हणून: तारेचं मॉडेल अजून का संपत नाही

‘निटिनॉलचं मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये तयारच असतं. आकडे टाकायचे, रन मारायचा. मग तुम्ही इतकी वर्षं करताय काय?’ परीक्षक विचारतात, विद्यार्थी विचारतात, आता घरचेही विचारतात. एकदा नीट सांगते. निटिनॉल म्हणजे निकेल-टायटेनियमचा मिश्रधातू, ताणून सोडला की मूळ आकारात परत येणारा; मॉडेल म्हणजे त्याचं वागणं आकड्यांत सांगणारी समीकरणं.

तयार असतं, मान्य. मीही संशोधक ब्रिन्सन यांचं १९९३चं मॉडेल घेऊनच सुरुवात केली. काम भूकंपात इमारतीचे हादरे शोषणाऱ्या डॅम्परसाठी होतं. १ मिलिमीटरची तार, ६ टक्के स्ट्रेन (म्हणजे लांबीत तेवढी वाढ), ओढायला १० मिनिटं. आलेखात मॉडेलची रेघ चाचणीच्या रेघेवर इतकी चपखल बसली की प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवली.

पुढच्या आठवड्यात तेवढीच स्ट्रेन ६ सेकंदांत दिली. आलेखातला सपाट यायचा तो भाग, म्हणजे प्लॅटो, चढतच गेला, शेवटाला शंभरेक एमपीएचा (मेगापास्कल, ताणाचं एकक) फरक. मी तार धरणाऱ्या ग्रिपवर खापर फोडलं. ग्रिप बदलल्या, बल मोजणारा लोडसेल तपासून घेतला, नव्या तारा कापल्या. पंधरा दिवस गेले. मशिन चालवणारे काका एकदा ताणलेल्या तारेला बोट लावून म्हणाले, ‘मॅडम, तार कोमट लागतेय.’ मी म्हटलं, ‘काका, हात नका लावू, रीडिंग बिघडतं.’

त्या रात्री कोड उघडला. वरून चौथी ओळ: तापमान २५, स्थिर. मीच लिहिलेली. तार ताणली की तिच्यातल्या ऑस्टेनाइट या स्फटिकरचनेचं मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत रूपांतर होतं, आणि ते होताना उष्णता बाहेर पडते. सावकाश ओढलं तर हवेत निघून जाते, झटक्यात ओढलं तर तारेतच कोंडते. तार १ अंश तापली की रूपांतराला साधारण ७ एमपीए जास्त लागतात. १५ अंशांचे किती होतात ते करून बघा. हे मी वर्गात फळ्यावर शिकवत होते.

सकाळी काकांसमोरच तारेला बोट लावलं. ओढताना कोमट, सोडताना गार.

तेव्हाची मी अजून वाद घालते: सावकाश चाचणीचे आकडे खोटे नव्हते. नव्हतेच. पण भूकंपात इमारत १० मिनिटं घेऊन हलत नाही, आणि तयार मॉडेल हे आपणहून सांगत नाही.

आता उष्णतेचं समीकरण जोडलंय. ओढण्या-सोडण्याचा पहिला फेरा जुळतो. पन्नासाव्या फेऱ्यापर्यंत प्लॅटो खाली सरकलेला असतो, थोडी स्ट्रेन तारेत कायमची उरते, आणि माझी रेघ मात्र पहिल्याच जागी. आणखी चार स्थिरांक घातले तर तेही जुळेल. पण इतके स्थिरांक हाताशी असले की जवळपास कुठलाही कर्व्ह जुळवता येतो. मग त्या जुळण्यावर डॅम्पर उभा करायचा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.