मावशींचा अंगठा

"पैसे त्या डब्यात तुम्हीच टाका. अंगठा मिटत नाहीये सकाळपासून."

सिन्नर रोडच्या गोठ्यावर आज दूध आणायला गेलो होतो. मावशी नुकत्याच सहा गाई पिळून उठत होत्या. उठत होत्या म्हणजे, आधी एक हात गाईच्या पाठीवर, दुसरा स्वतःच्या कंबरेवर, मग थोडं थांबायचं, मग उरलेलं उठायचं.

अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढतात त्या. खरं तर पूर्ण मुठीने काढावी, म्हणजे सडालाही इजा होत नाही आणि अंगठाही वाचतो. मी हे शहाणपण पाजळलंच.

"डॉक्टरही तेच म्हणाले. पण ते कास बघायला आले होते. माझा हात कोण बघतंय?"

यावर काय बोलणार?

तेवढ्यात टेम्पो आला. ४० लिटरचा भरलेला कॅन, नुसतं दूधच ४१ किलो. एक कान मावशींनी धरला, डाव्या हाताने.

गाय जरा लंगडली की मालक लगेच फोन लावतो, हे मी पाहिलंय.

दिवाळीनंतर धार काढायचं मशीन घेणार आहेत म्हणे. कुठल्या दिवाळीनंतर, ते काही मी विचारलं नाही.