गृहकृत्यदक्ष वर पाहिजे

वधूवरसूचक मंडळांच्या वह्यांमध्ये आणि रविवारच्या जाहिरातींमध्ये ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द वर्षानुवर्षं फक्त मुलींसाठी राखून ठेवलेला होता. मुलाच्या वाट्याला ‘निर्व्यसनी’, ‘सुस्थितीतील’, ‘स्वतःचा फ्लॅट’. थोडक्यात, मुलीला काय येतं ते विचारायचं आणि मुलाकडे काय आहे ते. आता मुलीही अपेक्षांच्या रकान्यात ‘स्वयंपाक येणारा’ असं लिहू लागल्या आहेत, आणि ते अगदी रास्त आहे. प्रश्न आहे तो शिकवण्याचा. मुलाला भाकरी आणि मुलीला पाना लहानपणी हातात दिलाच नाही, तर पंचविशीत अचानक येणार कुठून?

2019 साली केंद्र सरकारने देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. त्या पाहणीत रोज घरकामाला हात लावणाऱ्या बायका 81.2 टक्के होत्या आणि पुरुष 26.1 टक्के. जे हात लावतात त्यांच्यातही बायकांची 299 मिनिटं आणि पुरुषांची 97. स्वयंपाक पुरुषांना जमत नाही म्हणावं, तर लग्नाच्या पंगतीचे आचारी पुरुषच असतात. फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके हॉटेलात स्वयंपाकी होते. पैसे मिळत असले की चूल पुरुषाला कधीच परकी नव्हती.

तर सुरुवात भाकरीपासूनच करू. कारण ‘ते बायकांच्या हातालाच जमतं’ हे वाक्य सगळ्यात जास्त भाकरीच्या बाबतीत ऐकू येतं. गव्हाच्या पिठात चिकटून राहणारं प्रथिन असतं, ते कणकेला ताणही देतं. ज्वारीत ते नसतं. त्यामुळे ज्वारीचं पीठ एकत्र धरून ठेवायचं काम पिठातल्या स्टार्चकडून करून घ्यावं लागतं, आणि स्टार्च चिकट होतो तो उकळत्या पाण्याने. सगळी गोम एवढीच. एका मोठ्या भाकरीला साधारण 100 ग्रॅम, म्हणजे भरगच्च वाटीभर पीठ आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी लागतं. परातीत पिठाचं आळं करायचं, मधोमध उकळतं पाणी ओतायचं, चमच्याने कालवायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं. मग गार पाण्याचा हात लावत तळहाताच्या मुळाने रगडून मळायचं, दोन-तीन मिनिटं, पीठ लोण्यासारखं मऊ लागेपर्यंत. नवशिक्याने चार भाकऱ्यांचं पीठ एकदम मळू नये. पहिली थापेपर्यंत उरलेलं सुकतं आणि शेवटच्या दोन हमखास फाटतात.

थापताना परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं, त्यावर गोळा ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी कडेकडेने दाबत भाकरी फिरवत न्यायची. भाकरी फिरते आहे तोवर सगळं ठीक. फिरायची थांबली, की खाली पीठ कमी पडलं आहे. जोर लावण्याआधी कडेने चिमूटभर पीठ सरकवा. मध्यभाग आपोआप पातळ होत जातो म्हणून लक्ष कडेवर ठेवायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. लगेच त्या बाजूवर ओल्या हाताने पाणी फिरवायचं. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, त्या क्षणी उलटायची. अनेकजण नेमके इथेच चुकतात: पाणी पार आटलं तर वरच्या बाजूला भेगा पडतात, आणि भेगेतून वाफ निसटली की भाकरी फुगत नाही. उलटल्यावर पाण्याची बाजू तव्यावर नीट भाजू द्यायची, खाली तांबूस ठिपके दिसेपर्यंत, आणि मग पहिली बाजू थेट आचेवर. जाडी सगळीकडे सारखी असेल तर पापुद्रा सुटून टम्म फुगते.

बिघडली तर कारण शोधा. मळतानाच कडा फाटत असतील तर पाणी कमी किंवा रगडणं कमी. सगळं बरोबर करूनही फाटते आहे? मग दळण कधीचं आहे ते बघा. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो, म्हणून आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळून आणावं. भाकरी वातड झाली तर तवा पुरेसा तापला नव्हता, भाकरी तव्यावर वाळत बसली. रोज दोन याप्रमाणे पंधरा दिवस करणाऱ्या कुणाच्याही हातची भाकरी खाण्यासारखी होते. हात मुलाचा आहे की मुलीचा, हे ज्वारीला कळत नाही.

आता दुसरी बाजू. स्कूटर डबल स्टँडला लावणं हे ताकदीचं काम समजतात, आणि पार्किंगमध्ये एखादी मुलगी ते करायला लागली की कुणीतरी ‘थांबा मॅडम, मी लावतो’ म्हणत पुढे येतो. गाडी शंभर-एकशेदहा किलोची असते, तेवढं वजन कुणीच हातांनी उचलत नाही. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, हँडल सरळ, डावा हात डाव्या मुठीवर, उजवा सीटमागच्या कड्याला. उजव्या पायाने स्टँडची दांडी खाली दाबायची आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत गाडी उभीच धरायची. टेकल्याचं पायाला लगेच कळतं, डगमग थांबते. मग शरीराचा सगळा भार त्या दांडीवर द्यायचा. गाडी मागे आणि वर आपोआप चढते, उजव्या हाताने फक्त दिशा द्यायची. स्टँडचा एकच पाय टेकला असताना जोर लावला तर गाडी कलते, आणि हातांनी ओढायला गेलं तर कंबर धरते. पन्नास किलो वजनाच्या बाईला हे सहज जमतं.

गळक्या नळाचंही तेच. जुन्या पद्धतीचा, फिरवत बंद करायचा नळ घट्ट आवळूनही तोंडातून टपकत असेल तर वायसर गेला आहे. नळ उघडल्यावर मुठीखालून पाणी झिरपत असेल तर वायसर ठीक आहे, दांड्याभोवतीचं पॅकिंग गेलं आहे. दुरुस्तीआधी हा फरक ओळखायचा. वायसर बदलताना आधी मेन कॉक बंद करून नळ उघडायचा आणि पाइपातलं पाणी जाऊ द्यायचं. सिंकच्या भोकात फडकं कोंबायचं, नाहीतर मुठीचा बारीक स्क्रू तिथूनच जातो. मग पान्याने वरचा षटकोनी भाग डावीकडे फिरवायचा. हे करताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग पक्कं धरायचं, हे अजिबात विसरू नका. नाहीतर नळासोबत भिंतीतला पाइप फिरतो, आणि पाच-दहा रुपयांच्या वायसरपायी टाइल्स फोडायची वेळ येते. दांडा बाहेर काढला की खालच्या टोकाला काळा रबरी वायसर दिसतो, त्यावर गोल चरा पडलेला असतो. तोच नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. घरातले बरेचसे नळ अर्ध्या इंचाचे असतात, तरी नमुना जवळ असलेला बरा. दांडा परत बसवताना नळ उघडलेल्या स्थितीत ठेवायचा, नाहीतर आवळताना नवा वायसर चेंगरतो. नवा वायसरही महिनाभरात कापला गेला, तर नळाच्या आतली बैठक खडबडीत झाली आहे, तिथे प्लंबरच बोलवावा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात मात्र वायसर नसतो, आतली अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते.

कामं शिकणं हा तसा सोपा भाग. त्यापुढचा अवघड भाग म्हणजे ‘मदत’ हा शब्द. ‘मी बायकोला स्वयंपाकात मदत करतो’ म्हणणाऱ्याने काम तिचंच आहे हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. कांदा चिरणं हे काम दिसतं. तुरीच्या डब्यात चार दिवसांची डाळ उरली आहे, दळण संपत आलं आहे, उद्या पाणी येणार नाही म्हणून आज भरून ठेवायला हवं, हे डोक्यात चालू असतं आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून वाटून घ्यायचं असेल तर अख्खं काम घ्यावं. ‘सकाळचा नाश्ता माझा’ म्हणजे काय करायचं ते ठरवणं, सामान संपण्याआधी आणणं, करणं आणि ओटा पुसणं, सगळं. पहिले दोन-तीन आठवडे गडबड होते, आणि बायको मधे पडून सावरून घेते, तेव्हा काम परत तिच्याकडे जातं. तिनेही तेवढे दिवस ओट्यापासून लांब राहावं. मुलींनी नळ आणि गाडीची सर्व्हिसिंग घेतली, तर हाच नियम नवऱ्यालाही लागू. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडतानाचं चित्र आलं, तेव्हा त्याची बातमी झाली. आज ती मुलं मिसरूड फुटायच्या वयात आहेत. त्यांच्या हातात आता खरी जुडी द्यायला हवी.

छंदांमध्ये हा बदल लवकर दिसतो. पुण्यातल्या ढोलपथकांत कमरेला ढोल बांधून मुली तासन्‌तास वाजवतात. मोठ्या गालिच्याच्या रांगोळ्या काढताना मुलगेही मुठीतून रेघ सोडत ओणवे झालेले दिसतात, आणि ती रेघ सारख्या जाडीची सोडायला मनगट विलक्षण स्थिर लागतं. सह्याद्रीतल्या ट्रेकला दोर सावरणारी मुलगी आणि तीन दगडांवर खिचडी लावणारा मुलगा आता कुणाला नवलाचे वाटत नाहीत. अशा ठिकाणी कुणी कुणाला आवडतं ते बरेचदा हातातलं काम बघूनच. तरीही मुली मुद्दाम बाटलीचं घट्ट झाकण त्याच्याकडे देतात, त्याला बरं वाटावं म्हणून. मुलगे रांगोळीचे फोटो मित्रांना दाखवत नाहीत. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. जी गोष्ट येते ती येत नाही असं दाखवून कुणी आवडून घेतलं, तर ते सोंग पुढची तीस वर्षं वठवावं लागतं.

म्हणून बघण्याच्या कार्यक्रमाबद्दल एक सूचना. मुलीकडच्यांनी एकदा मुलाच्या घरी जावं आणि पोहे मुलाने करावेत. दोन माणसांना दोन वाट्या जाड पोहे. भिजत घालायचे नाहीत, चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे. दाणा दोन बोटांत सहज चेपला गेला की झालं. दोन टेबलस्पून तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढायचे, मग मोहरी, हिंग, मिरच्या, कढीपत्ता, दोन मध्यम कांदे. कांदा पारदर्शक झाला की थांबायचं, लाल होऊ द्यायचा नाही. मग हळद, पोहे, मीठ, चिमूटभर साखर, पाण्याचा एक हबका आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ. गोळे झाले तर पाणी जास्त झालं, कोरडे चिवट लागले तर वाफ कमी पडली. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर वरून. मुलीने ओट्यापाशी उभं राहून चव बघावीच, पण त्याआधी एक गोष्ट नीट ऐकावी: फोडणी तडतडत असताना तो ‘आई, हिंग कुठंय?’ असं विचारतो का.