तुम्ही विचारलंत म्हणून: दोन खोल्यांत पाच सायकली

घरी पहिल्यांदा आलेला माणूस उंबऱ्यातच थांबतो. डाव्या भिंतीला उलटसुलट तोंडांनी लागलेल्या दोन सायकली, दाराशी तिसरी, स्वयंपाकघराकडे जाताना भिंतीवर उभी टांगलेली चौथी, आणि मान वर केली की छताच्या कडीला लहानशी पाचवी. पाण्याचा तांब्या हातात देईपर्यंत प्रश्न आलेला असतो. "ताई, एवढ्या सायकली घरात कशाला ठेवू राहिले तुम्ही? बाहेर लावायच्या ना." बहुतेक जण नवल वाटून विचारतात. पण गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने गरजेपोटी विचारलं. दोन मुली, दोन सायकली, भाड्याची एक खोली. तिला दारात उभ्याउभ्या जे सांगितलं ते मला अपुरं वाटलं. म्हणून सगळं नीट सांगते.

आमचं घर भुसावळला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढची खोली दहा बाय बारा, तिथेच बसणं-उठणं, तिथेच मुलांचा अभ्यास. आमचे हे रेल्वेत, पाळीची ड्युटी. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलगी कॉलेजला, मुलगा नववीत. चौघांच्या मिळून चार सायकली, त्यात मुलाची लहानपणची एक, आणि पाचवी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

नाना रेल्वे इंजिनांच्या लोको शेडला फिटर होते. सायकल ॲटलसची, काळी, २८ इंची, दांडीची. हँडलला डबा, कॅरिअरला गुंडाळलेला गणवेश, आणि शनिवारी दांडीवर मी. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला नगरपालिकेचा पितळी बिल्ला अजून आहे. तेव्हा सायकलचा कर भरला की असा बिल्ला मिळायचा. अंक झिजलेत, पण बोट फिरवलं की लागतात. २०२० साली ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तोही ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिन असताना. ती बातमी वाचली तेव्हा नाना नव्हते. मी त्या संध्याकाळी त्यांची सायकल पुसली, हबमध्ये तेल सोडलं, चाक फिरवून कान लावला. अजून आवाज नाही तिला. ही सायकल आजही चालते. रविवारच्या बाजाराला तीच नेतो, कारण दोन भरल्या पिशव्या आणि कॅरिअरला केळीची फणी इतकं ओझं तीच निमूट आणते.

आता बाहेर का नाही लावत ते सांगते. आधी बाहेरच होत्या. अंगणात पत्र्याची शेड होती आणि तिच्यात तीन सायकली. भुसावळचा उन्हाळा मी काय सांगू, मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याखाली हात टेकवत नाही. लोक म्हणतात, उन्हाने हवा फुगते म्हणून ट्यूब फुटते. हे गणित मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. २५ अंशांना ४० पौंड हवा भरली आणि चाक तापून ६० अंशांवर गेलं, तर दाब साधारण ६ पौंडांनी वाढतो. धड टायर तेवढ्याने फुटत नाही. ऊन घात करतं ते दुसऱ्या वाटेने. ठिगळाखालचं सोल्युशन मऊ पडतं, ठिगळ एका कडेने सुटतं. टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडतात, आधी केसासारख्या, मग नख जाईल इतक्या. सीटचं रेक्झिन तडकतं, ब्रेकचे रबर दगड होतात. त्या शेडमध्ये दर दोन उन्हाळ्यांना आम्ही टायर बदलत होतो. घरात आणल्यापासून नानांच्या सायकलचे टायर सहावं वर्ष बघतायत.

आणि एका रात्री शेडमधून माझी सायकल गेली. मागच्या चाकाला कुलूप होतं. पण तसं कुलूप चाक फिरू देत नाही इतकंच, उचलून नेणाऱ्याला ते काय अडवणार? तक्रार द्यायला गेले तर फ्रेम नंबर विचारला, आणि मला तो सांगता आला नाही. त्याचं मला सायकल गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. तुमच्या सायकलचा नंबर आजच बघा. सीटखालच्या नळीवर नाहीतर खाली पायडलच्या एक्सलपाशी ठोकलेला असतो. मातीने भरलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसा, त्यावर खडू घासा, आकडे उठतात. वहीत लिहून ठेवा.

तरी चोरी आणि ऊन ही निम्मीच कारणं. सायकली घरात आणल्यावर पहिल्या वर्षी आम्ही त्या नुसत्या कोंबल्या होत्या. मागच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मधे, एकात एक अडकलेल्या. मुलीची गिअरची सायकल सगळ्यांत आत. तिला ती काढायची तर आधी दोन बाहेर घ्यायच्या, पायडल स्पोकमधून सोडवायचं, ब्रेकची वायर सांभाळायची. पंधरा दिवसांत ती मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून जायला लागली. जी पोर पहाटे उठून हतनूर धरणापर्यंत सायकल मारत होती, ती दोन किलोमीटरवरच्या कॉलेजला गाडीवर! तिला रागावून काय उपयोग होता? सायकल आम्हीच अडगळीत घातली होती. त्या रविवारी मी कागद घेतला आणि घरातून सकाळी कोण किती वाजता निघतं ते लिहिलं. भिंती त्यानंतर मोजल्या. तुम्हीही याच क्रमाने करा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

यांची पहाटेची पाळी असते, म्हणून यांची सायकल दाराशी. दिवा न लावता हँडल धरून बाहेर काढता येते, कोणाची झोप मोडत नाही. त्यानंतर मुलगी, मग मी आणि मुलगा. नानांची आठवड्याला एकदा, म्हणून ती भिंतीला.

भिंतीला लागून दोन सायकली उभ्या करायच्या तर एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. सायकलची लांबी सहा फुटांच्या आसपास, पण रुंदी खाते ती फक्त हँडलपाशी. तोंडं उलट केली की एकीचं हँडल दुसरीच्या कॅरिअरशी येतं आणि माझी आणि नानांची मिळून अडीच फुटांत बसतात. मधे पायडल नडतं. त्यासाठी आतल्या सायकलचं पायडल मागे फिरवून सरळ उभं करायचं, बाहेरच्या सायकलचं आडवं. म्हणजे ती एकमेकींच्या स्पोकमध्ये जात नाहीत. डबल स्टँड असेल तर सायकल ताठ उभी राहते, एका बाजूच्या स्टँडची झुकते आणि तेवढ्यात चार-पाच इंच जागा जाते. सायकलवाल्याकडे जुना डबल स्टँड मिळतो, बसवून घ्या. सामान घेण्याआधी मी फरशीवर खडूने सायकलींच्या खुणा केल्या होत्या आणि दोन दिवस त्या खुणांमधून सगळ्यांना चालायला लावलं होतं. सासूबाईंचा पाय कुठे अडतो ते त्यातच कळलं.

जागा फारच कमी असेल, त्या मुलींच्या आईसारखी, तर हँडल वळवता येतं. साध्या सायकलच्या हँडलच्या दांड्यावर मधोमध एक बोल्ट असतो. तो थोडा सैल करायचा, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीची हलकी टपली मारायची, आतली पाचर सुटते आणि हँडल चाकाच्या रेषेत वळतं. सायकल भिंतीला फळीसारखी लागते. पण हे रोजच्या सायकलला करू नका. घाईत बोल्ट अर्धा आवळला गेला तर हँडल चालू रस्त्यात फिरतं. सुट्टीत गावी जाताना, महिनाभर सायकल लागणार नसेल तेव्हाच.

टांगायचं म्हणजे काय ते आम्ही चूक करून शिकलो. मुलीची सायकल पुढच्या चाकाने हुकाला उभी टांगायची ठरलं. सुताराने दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला ड्रिल मारून, स्क्रू धरणारी गिट्टी ठोकून हूक बसवला. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास धाडकन आवाज झाला. हूक, गिट्टी आणि बशीएवढा गिलाव्याचा पोपडा घेऊन सायकल खाली आली. मुलगा तिथून चार हातांवर झोपला होता. ती भिंत चार इंची, आडव्या विटेची, आणि गिट्टी निम्मी गिलाव्यातच बसली होती. आता हूक बाहेरच्या नऊ इंची भिंतीत आहे, लोखंडी फास्टनरने, विटेच्या पोटात, दोन विटांच्या सांध्यात नव्हे. बसवल्यावर मी स्वतः त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. तुमचंही वजन त्याने पेलल्याशिवाय सायकल अडकवू नका, आणि त्याच्याखाली कोणाचं अंथरूण घालू नका.

नानांची सायकल मी टांगत नाही. ती वीस किलोंच्या वर भरते. एवढं ओझं रोज उचलून हुकाला लावायचं म्हटलं तर कंबर जाते आणि सायकलही कधीतरी हातातून सुटते. जड सायकल जमिनीवरच बरी. टांगल्याने रिमला आउट येतो, म्हणजे ती वाकडी होते, अशी भीती बरेच जण घालतात. ती मनातून काढून टाका. जे चाक आपल्याला खड्ड्यांतून नेतं, त्याला स्वतःच्या सायकलचे चौदा-पंधरा किलो काहीच नाहीत. मात्र तेलाचे डिस्क ब्रेक असतील तर खाली उतरवल्यावर ब्रेकची मूठ चार-पाच वेळा दाबून बघावी, पोकळ लागली तर रस्त्यावर नेऊ नये. मागचं चाक भिंतीला जिथे टेकतं तिथे काळा पट्टा उठतो. तिथे मी एक उरलेली टाइल चिकटवली, ओल्या फडक्याने पुसली जाते.

पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा. आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. मडगार्ड आणि टायरच्या मधे ती अशी बसते की चाकच अडतं, आणि वाळली की खरवडून काढावी लागते. म्हणून दाराबाहेर एक काडी, एक गोणपाट आणि पाण्याचा मग कायम ठेवलेला असतो. काडीने मडगार्डखालची माती काढायची, चाकं गोणपाटावरून पुढेमागे फिरवायची, मग आत. चेनवर पाणी ओतायचं नाही, फडक्यात धरून पायडल उलटं फिरवायचं. तेलाचे दोन थेंब पुरतात. जास्त घातलं तर धूळ धरतं आणि फरशीवर डागही पडतात. हे काम ज्याची सायकल त्याचं. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी तो नियम घातला आणि यांनाही त्यातून सूट दिली नाही.

राहिली छताची. या घराच्या स्लॅबमध्ये सासऱ्यांनी बांधतानाच झोक्यासाठी दोन लोखंडी कड्या सोडल्या होत्या, सळईला अडकवून. मुलगा उंच झाला आणि त्याची २० इंची सायकल तशीच राहिली. नवी घेतली, जुनी टाकवेना. मग एका कडीला कप्पी लावली, कपडे वाळत घालायच्या दांडीला असते तशी, आणि दोरीने ती वर ओढून घेतली. दोरीचं टोक खिडकीच्या गजाला दोन वेढे देऊन बांधतो. सासूबाई तिला शिंकं म्हणतात. त्यांच्या माहेरी दुधा-दह्याची मडकी अशीच आढ्याला लोंबायची, मांजरापासून लांब. मुलाची नवी सायकल, चोरीनंतर मी घेतलेली जुनी सायकल विकून आणली, आणि आता माझी-त्याची एकच आहे. तो सकाळच्या शाळेला, मी दुपारच्या. म्हणून पाच, सहा नव्हेत.

वर्षातून एकदा ही सगळी मांडणी मोडावी लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खान्देशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण, आणि झोक्याशिवाय आखाजी होत नाही. आदल्या दिवशी नणंद येते. पोळ्यांचं पुरण शिजत असतं, आंब्यांची आढी उघडलेली असते, घागर भरायची तयारी चाललेली असते, आणि हे दोरी सोडून शिंकं खाली घेतात. भिंतीच्या दोन्ही सायकली अंगणात, निंबाच्या सावलीत, सीटवर ओलं गोणपाट टाकून. मग दोन्ही कड्यांना दोर, खाली पाट. नणंद झोक्यावर बसून गाणी म्हणते, सासूबाई मागून झोका देतात.

यंदा नणंदेची धाकटी, सात वर्षांची, झोक्यावर बसलीच नाही. तिने अंगणात ती २० इंची सायकल बघितली. दिवसभर निंबाभोवती फेऱ्या, दोनदा पडली, गुडघा फुटला, हळद लावून परत गेली. संध्याकाळी मुलाने स्वतः पाना आणला, तिचा पाय टेकेल इतकी सीट खाली केली, घंटी घट्ट केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेम्पोत सामानावर सायकल आडवी घातली आणि ती पोर हँडल धरून मागे बसली.

तेव्हा आता घरात चार आहेत. कप्पी काढून ठेवलीय. आखाजी होऊन दीड महिना झाला, पण झोका आम्ही अजून सोडलेला नाही. सासूबाई दुपारी त्यावर बसून भाजी निवडतात.