प्रश्न मुलांचाच हवा

स्वतंत्र अभ्यासासाठी विषय निवडा म्हटलं की उच्च माध्यमिकच्या मुलांच्या वह्यांत तीच नावं येतात. हवामानबदल, कृत्रिम बुद्धिमत्ता, कृष्णविवरं. मी ती खोडत नाही. एवढंच विचारते, "यातलं तुला स्वतःला काय मोजता येईल?" मग पुढचे काही आठवडे मुलं नुसती चाचपडत असतात. हा वेळ वाया गेला असं अनेकांना वाटतं. मला मात्र सगळ्या उपक्रमातला हाच काळ सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याला हात लावू नये यासाठी मी दरवर्षी भांडते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने एम्पेम्बा परिणाम घेतला, म्हणजे गरम पाणी थंड पाण्याआधी गोठू शकतं हा दावा. १९६३ साली टांझानियातल्या (तेव्हाचं टांगानिका) एरास्टो एम्पेम्बा या शाळकरी मुलाला दिसलं, की फ्रीझरमध्ये गरमच ठेवलेलं त्याचं आइस्क्रीमचं मिश्रण मित्राच्या न उकळलेल्या मिश्रणाआधी गोठलं. शिक्षक म्हणाले, तुझा गोंधळ झालाय. पुढच्या शाळेत तर त्याची थट्टाच झाली. पण डेनिस ऑस्बोर्न हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्याने भर वर्गात पुन्हा तेच विचारलं. मुलं हसली. ऑस्बोर्ननी परत जाऊन प्रयोग करवून घेतला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. मला या गोष्टीत एम्पेम्बाइतकेच ऑस्बोर्न मोठे वाटतात.

आमच्या मुलीने सारखे दोन बीकर घेतले, एकात गरम पाणी, एकात साधं. पहिल्याच दिवशी अडली: घड्याळ थांबवायचं कधी? तापमान शून्याला टेकलं तेव्हा, बर्फाचा पहिला पापुद्रा दिसला तेव्हा, की सगळं घट्ट झाल्यावर? तिने वहीत तिन्हींसाठी रकाने आखले. कधी गरम पाणी पुढे, कधी साधं. वैतागून गेली होती. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की एका बीकरमध्ये थर्मामीटर तळाशी टेकलाय आणि दुसऱ्यात वरच्या वर लटकतोय.

हेन्री बरिज आणि पॉल लिंडन यांचा २०१६ चा शोधनिबंध मला माहीत होता. थर्मामीटर एखादा सेंटिमीटर वर-खाली असला तरी हा परिणाम असल्याचा भास होऊ शकतो, असं त्यांनी दाखवलंय. खुद्द परिणामाचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. हे तिला तेव्हाच सांगणं सोपं होतं. नाही सांगितलं. तिला तो निबंध पुढे स्वतः शोधताना सापडला, आणि दुसऱ्या दिवशी ती तो छापून घेऊनच आली.

तोवर तिचा प्रश्न बदलला होता. आता एकाच बीकरमध्ये दोन थर्मामीटर, एक वर, एक तळाशी. आधी तळ जास्त थंड. मग तळाचा आकडा ४ अंशांच्या आसपास रेंगाळला आणि वरचा त्याला ओलांडून शून्याकडे निघाला. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं, हे तिने परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. आलेखावर दोन रेघा एकमेकींना छेदताना पाहून ती म्हणाली, "मॅडम, हे खरंच होतं!"

तर, मार्गदर्शकाने किती बोलावं? आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमात ‘एक्स्टेंडेड एसे’ हा स्वतंत्र अभ्यास असतो; त्यातल्या ४००० शब्दांपर्यंतच्या निबंधासाठी मार्गदर्शकाने एकूण ३ ते ५ तास द्यावेत असं सुचवलंय. मला हे प्रमाण पटतं. आठवड्याला थोडा वेळ भेटायचं, वही बघायची, एक प्रश्न विचारायचा. शेवटच्या रंगीत पोस्टरला मी फारसे गुण ठेवत नाही, ती पोस्टरं बहुतेक एकसारखीच असतात. गुण वहीला: आज काय केलं, काय फसलं, उद्या काय बदलणार. खाडाखोड असलेली पानं फाडायची नाहीत, हा माझा एकमेव कडक नियम.

तिला आता मिठाचं पाणी घ्यायचंय. त्यातही त्या दोन रेघा छेदतील का, असं तिने विचारलं. मीठ किती घेणार ते आधी ठरव, म्हटलं.